अर्ध्या बोटाची ढील

त्या दिवशी कारखान्यात सकाळपासून अशी धांदल उडाली होती, की इस्त्रीवाल्याने अंगातल्या सदऱ्याच्या बाहीवरच इस्त्री टेकवली, आणि ओरडायला सवड नाही म्हणून तो नुसताच हात झटकत राहिला. गावोगावी दुकानं असलेल्या एका बड्या कंपनीचे साहेब दुपारी पँटी बघायला यायचे होते. पसंत पडल्या तर वर्षभर शिलाई यंत्रांना दम खायला मिळणार नव्हता. नापसंत पडल्या तर काय, हे कुणी बोलत नव्हतं. मालकीणबाईंनी तसं बोलायला बंदीच घातली होती.

या सगळ्या धावपळीत एकच बाई जागेवर उभी होती, कारण उभं राहणं हेच तिचं काम होतं.

तिला सगळे 'मीडियम' म्हणत. कटिंगच्या टेबलाशेजारी वीतभर उंचीचा एक लाकडी ठोकळा होता. त्यावर ती चढायची, कटिंग मास्तर कच्ची शिवलेली पँट तिच्या अंगावर बघायचे, आणि ती तिला नीट बसली की ती मीडियम ठरायची. तिच्यापेक्षा थोडी आत घेतली की स्मॉल, थोडी बाहेर सोडली की लार्ज. बाया-पुरुष दोघांनीही कामावर घालाव्यात अशा त्या साध्या पँटी होत्या आणि शहरात धडाक्याने खपत होत्या. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर अर्ध्या शहराची कंबर या एका बाईच्या कंबरेला टांगलेली होती. तिला हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. रस्त्यात अनोळखी माणसाच्या अंगावर त्यांची पँट दिसली, की ती त्याच्याकडे जवळच्या नातलगासारखी बघायची. कुणाची घडी चुरगळलेली असली तर तिला वाईट वाटायचं.

घरी नवराही मीडियमच. गेल्या आठवड्यात तो डॉक्टरांकडून तणतणत आला होता. "म्हणे साखर काठावर आली आहे! म्हणे वजन उतरवा! मी त्यांना पँटीच्या आतला शिक्काच दाखवला. म्हटलं, लग्नात मीडियम होतो, आजही मीडियम आहे. तुमचा वजनकाटा तपासून घ्या." त्यावर तीही हसली होती. शिक्का तिचाच तर होता. पण हसता हसता तिची नजर त्याच्या सुजलेल्या पावलांवर गेली होती, आणि ती नजर तिने झटकन काढून घेतली होती.

तर त्या दिवशी साहेबांच्या आधी एक भलाथोरला खोका आला. मास्तरांनी तो कापला तसं आतून एक धड निघालं. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं खांद्यापासून घोट्यापर्यंतचं, करड्या कापडात गुंडाळलेलं. छातीवर चिठ्ठी टाचलेली होती: 'आमचा मीडियम. पँट यावर बसली पाहिजे.'

"अगं बाई," ही गंमत बघायला खालच्या विक्रीच्या गाळ्यातून वर आलेली मीडियमची थोरली जाऊ म्हणाली, "तुझी सवत आली की गं!"

सगळे खदखदून हसले. मीडियमही हसली. मग तिने त्या पुतळ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "जाऊबाई, सवतीला उपाशी ठेवलेलं दिसतंय."

"डोकं नसलेलीला भूक कुठून लागणार?"

मास्तरांनी आज सकाळीच तयार झालेली, कडक इस्त्रीची पँट मोठ्या मानाने पुतळ्याला चढवली, वरचं बटण लावलं आणि दोन पावलं मागे सरून हात बांधले. पँट क्षणभर थांबली. जणू तिलाही वाटलं असावं की काहीतरी चुकतंय. मग ती सुळकन खाली आली आणि पुतळ्याच्या घोट्यांशी गोळा होऊन बसली.

कुणी हसलं नाही.

"लार्ज आणली का रे?" मास्तर ओरडले.

"मीडियमच आहे, मास्तर. शिक्का बघा."

मास्तरांनी दुसरी चढवली. तीही गेली. तिसरी त्यांनी धरून ठेवली, पण धरलेली पँट बसलेली म्हणता येत नाही. मग त्यांना एकदम प्रकाश पडला. "टेप! टेप ताणली गेली असणार. कापडी टेप ओढून ओढून लांबते. म्हणून माप चुकलं!" त्यांनी पाकिटातली कोरी टेप काढली, जुनीशेजारी टेबलावर लांबवर पसरली. दोघी टेपा जुळ्या बहिणींसारख्या एकाच ठिकाणी संपल्या. मास्तरांनी मग कापडावर संशय घेतला, मग धुलाईवर, मग हवेवर.

मालकीणबाई केबिनमधून आल्या. नाजूक चष्मा, भारी आवाज. त्यांनी घोट्याशी पडलेली पँट बघितली. "पुतळा आजारी आहे का?"

"पुतळा ठणठणीत आहे, बाई," मास्तर म्हणाले, "आपली पँटच..."

मालकीणबाईंची नजर ठोकळ्याकडे वळली. ठोकळ्यावरून मीडियमच्या पायांकडे, पायांवरून कंबरेकडे. तिथे ती जरा जास्तच वेळ थांबली.

"मीडियम," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला की कारखान्यात भीती वाटायची. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझी एक भाची आहे, अगदी सडपातळ. साहेब यायच्या आत तिला बोलावते. ती उभी राहील, मास्तर तासाभरात नवं माप काढतील. तुला खाली पॅकिंगला बसवू. खुर्ची चांगली आहे तिथली."

मीडियमच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं. ठोकळा जाणार! एवढी वर्षं ती ज्याच्यावर उभी राहून शहराला कपडे घालत आली, तो वीतभर लाकडाचा तुकडा जाणार आणि त्यावर कुणाची तरी भाची चढणार. ती खाली उतरली. सरळ मालकीणबाईंच्याच केबिनमध्ये गेली. सगळे तिच्यामागे. तिला रडू येणार असं सगळ्यांना वाटलं. चेहरा तसाच होता.

पण ती रडायला गेली नव्हती. केबिनच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पँट टांगलेली होती. कारखान्याची पहिली पँट. मालकीणबाईंच्या वडिलांनी ती मोठ्या हौसेने लावली होती, आणि नव्याने कामाला लागलेलं प्रत्येक माणूस ती बघून हमखास विचारायचं, "आधी तुम्ही लहान मुलांचे कपडे शिवायचात का?" हा प्रश्न सगळ्यांना इतका सवयीचा झाला होता, की हल्ली उत्तरही कुणी देत नसे. नुसतं हसत.

मीडियमने स्टूल ओढलं, वर चढली, चौकट काढली आणि मागचा पुठ्ठा उचकटला.

"अगं, ती बाबांची..." मालकीणबाई ओरडल्या.

"बाबांची नाही बाई, माझी," मीडियम म्हणाली. "ही माझ्याच अंगावर मापली होती. पहिल्या दिवशी."

तिने पँटीचा कंबरपट्टा उलटा केला. आतला शिक्का पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. मीडियम. ती पँट घेऊन ती तीरासारखी बाहेर आली, पुतळ्याला चढवली आणि बटण लावून हात सोडला.

पँट जिथल्या तिथे राहिली. ना चिमूट सैल, ना चिमूट घट्ट. त्या बिनडोक्याच्या धडाला ती अशी बसली, जणू त्याच्यासाठीच इतकी वर्षं काचेत वाट बघत होती.

"अरे देवा," इस्त्रीवाला म्हणाला.

आता मात्र सगळ्यांच्या नजरा एकदमच मीडियमच्या कंबरेवर आल्या. तिने ओढणी पोटावर ओढून घेतली. मास्तर खुर्चीत मटकन बसले.

"पुठ्ठ्याचा फर्मा झिजला की नवा कापायचो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. फर्मा म्हणजे ज्यावरून कापड कापतात तो पुठ्ठ्याचा नमुना. "आणि तो तुमच्याच अंगावरून कापायचो, ताई. दर मोसमाला. मी विचारायचो, जरा आवळतंय का?"

"आणि मी म्हणायचे, जरासं," मीडियम म्हणाली.

"मग मी अर्धं बोट ढील द्यायचो."

अर्धं बोट! एवढंसं अर्धं बोट! मीडियम तिथेच उभी राहिली आणि तिच्या डोक्यात हिशेब असा भराभर मांडला जाऊ लागला, की तिला धाप लागली. ही पँट शिवली तेव्हा कारखान्यात वर यायला जिना होता. मग पाहुण्यांसाठी लिफ्ट बसवली. पाहुणे कधीमधी यायचे, लिफ्ट मात्र रोज वर-खाली. मग कुणाची तरी पाठ धरली म्हणून चाकांच्या खुर्च्या आल्या, आणि दोन हातांवरचं दोऱ्याचं रीळ आणायलाही माणसं खुर्चीसकट घरंगळत जाऊ लागली. मग कोपऱ्यात गोड पाणी आणि चिप्स देणारं यंत्र आलं, तेही फुकट बसवून मिळालं. ऑर्डर मिळाली की केक, ऑर्डर हुकली की मन रमावं म्हणून केक. घरून डबा आणायचा त्रास नको म्हणून फोनवरून जेवण येऊ लागलं, आणि एकापेक्षा दोन घेतले तर स्वस्त पडू लागले, मग एक टाकून कसं देणार? चहाचे कप मोठे झाले. घरी जाताना चालायचा जो तुकडा उरला होता, त्यावरही कंपनीची गाडी सुरू झाली. यातलं काही म्हणता काही वाईट नव्हतं. प्रत्येक गोष्ट कुणीतरी मायेनेच दिली होती. कुणी कुणाला 'पोट सुटेपर्यंत खा' म्हणालं नव्हतं. ज्याने त्याने आपापलं अर्धं बोट ढील दिली होती, इतकंच. जमेच्या बाजूला घास वाढत गेले, खर्चाच्या बाजूची पावलं आटत गेली, आणि शिल्लक निमूट कंबरेवर येऊन साठली. आणि ती कुणाला बोचू नये, म्हणून वर मास्तरांचा फर्मा!

"तिच्याकडे काय बघताय डोळे फाडून?" जाऊबाईंचा आवाज कडाडला. "तुम्ही सगळे आपल्याच कारखान्याच्या पँटी घालता ना? कितवी?"

"मीडियम," कुणीतरी पुटपुटलं.

"आणि तू?"

"मीडियमच."

"मास्तर, तुम्ही?"

"मी लग्नापासून..."

"उठा!"

जाऊबाईंनी कोरी टेप उचलली आणि मास्तरांच्या कंबरेला गुंडाळली. मास्तरांनी श्वास आत ओढला. "सोडा तो श्वास," जाऊबाई म्हणाल्या, "पँट घालून काय दिवसभर पाण्याखाली राहता का?" श्वास सुटला, टेप सरकली, आणि जो आकडा आला तो बघून मास्तरांनी टेपच्या दुसऱ्या बाजूचा आकडा बघून घेतला. तोही बरा नव्हता.

मग काय विचारता! सगळा कारखाना रांगेत उभा राहिला. यंत्रांवरच्या बाया उठल्या, पॅकिंगवाले आले, इस्त्रीवाला भाजलेली बाही सावरत आला. "माझं आधी!" "तुझं नको, टेप पुरायची नाही!" "हसू नकोस, पोट हलतंय, आकडा चुकेल!" मालकीणबाई ओरडत होत्या की साहेब येतील, साहेब येतील, पण त्यांनाही राहवेना. शेवटी त्या हळूच जाऊबाईंच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केले. आकडा बघून म्हणाल्या, "मोठ्याने वाचू नका." जाऊबाईंनी तो मोठ्याने वाचला.

नुकताच लिफ्टमधून बाहेर पडलेला एक गृहस्थ या गर्दीत आला आणि काही बोलायच्या आत जाऊबाईंनी त्याच्याही कंबरेला टेप घातली. "पँट कितवी?"

"मीडियम," तो दचकून म्हणाला.

"कसली मीडियम! या आकड्यात दोन मीडियम मावतील. पुढचा!"

"मी पँटी बघायला आलोय," गृहस्थ म्हणाला. "बड्या दुकानांकडून."

जाऊबाईंच्या हातून टेप गळून पडली. मालकीणबाईंचे हात अजून वरच होते. ते त्यांनी खाली घेतले ते थेट नमस्कारातच.

पण साहेब मोठ्या मनाचे निघाले. ते हसले. आणि हसल्यावर त्यांच्या शर्टाचं एक बटण जरा ताणलं गेलं. सगळी हकीगत ऐकल्यावर त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली, जुन्या पँटीचा कंबरपट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला, मग मीडियमच्या अंगातली पँटही लांबूनच पण नीट पाहिली.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "हा पुतळा मी परत पाठवतो. आमच्याकडेही या मापाच्या पँटी गिऱ्हाईक परत आणून टाकतं. तुमचा सैल फर्माच चालू द्या. वर शिक्का मीडियमचा. लोक कापड घेत नाहीत, अक्षर घेतात. अक्षर लहान, मन प्रसन्न. पूर्ण वर्षाची ऑर्डर देतो."

कारखान्यात आनंदाची एक लाट उसळली. मालकीणबाईंनी मीडियमच्या पाठीवर थाप मारली. "चढ ठोकळ्यावर! भाची-बिची काही नाही. तूच आमची मीडियम!"

सगळं परत मिळालं होतं. ठोकळा, नाव, तोरा. तिने एक पाय वर ठेवलाही. आणि तेवढ्यात तिला नवऱ्याची पावलं आठवली. सुजलेली. आणि त्याचा आवाज. मी त्यांना शिक्काच दाखवला.

तिने पाय खाली घेतला.

"साहेब, मला मीडियम म्हणू नका," ती म्हणाली. "या पुतळ्याला मीडियम म्हणा. माझ्या अंगावरचं माप हवं असेल तर घ्या, पण त्यावर लार्जचा शिक्का मारा. तुम्ही मला गोड बोलून लहान केलंत, तरी मी घरी जाते तेव्हा एवढीच असते. माझ्या घरी एक माणूस डॉक्टरांना पँट दाखवतो. माझीच पँट! काटा खोटा आणि माझा शिक्का खरा असं म्हणतो. तसे किती असतील या शहरात, मोजा तुम्हीच."

"अगं ए," मालकीणबाई दात आवळून कुजबुजल्या, "वर्षाची ऑर्डर आहे."

"आणि दुकानात गिऱ्हाईक रडेल त्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"ते माझ्याकडे पाठवा," जाऊबाई म्हणाल्या. "मी रोज गाळ्यावर बसते. लार्ज घालून कुणाचा जीव गेल्याचं अजून ऐकलं नाही. फसून मात्र..." त्यांनी धाकट्या जावेकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

साहेबांचा हात नकळत स्वतःच्या कंबरपट्ट्याखाली गेला होता. तिथे कातडीवर एक लाल वळ असणार, जसा तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या अंगावर होता. "माझाही डॉक्टर हेच म्हणतो," ते शेवटी म्हणाले. "मीही त्याला हेच सांगतो." मग त्यांनी घसा साफ केला आणि धंद्याच्या आवाजात म्हणाले, "वर्षाची नाही देत. एका मोसमाची देतो. पुतळ्यावरची मीडियम थोडी, यांच्या अंगावरची लार्ज भरपूर. खपली तर पुढचं बोलू."

अर्धीच का होईना, ऑर्डर होती! यंत्रं एका दमात सुरू झाली. मास्तरांनी दोन कोरे पुठ्ठे घेतले, एक पुतळ्यापुढे ठेवला आणि दुसरा ठोकळ्यापुढे. मीडियम वर चढली. आता तिला काय म्हणायचं, असा पेच इस्त्रीवाल्याला पडला. "लार्जताई" म्हणून त्याने बघितलं, आणि तिने असं काही डोळे वटारले, की तो परत मीडियमवर आला. नावापुरती ती तीच राहिली.

मालकीणबाईंनी आनंदाने फोन उचलला. "केक मागवते!"

सगळ्या कारखान्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फोन ठेवला. मग जरा विचार करून परत उचलला. "छोटा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मीडियम कंपनीच्या गाडीत बसली नाही. पुतळ्याच्या मापावर शिवलेली पहिली मीडियम कागदात गुंडाळून ती चालत निघाली. वाटेत दोनदा थांबली, धाप टाकली, आणि दोन्ही वेळा स्वतःशीच हसली.

"नवी आली का?" नवरा खूश झाला. "आण, आण. कितवी?"

"मीडियम. तू घाल तर."

तो आत गेला. आतून पाय आपटण्याचा आवाज आला, मग श्वास ओढल्याचा, मग कपाटाला हात टेकल्याचा. तो बाहेर आला तेव्हा पँट मांड्यांवर अडकली होती, बटण आणि काज एकमेकांपासून वीतभर लांब होते, आणि चेहरा लाल झाला होता.

"मास्तरांचा हात बिघडला वाटतं," तो म्हणाला. "जरा आवळतंय."

इतकी वर्षं या वाक्याला तिच्याकडे एकच उत्तर होतं. ते जिभेवर आलंही. मग तिने त्याच्यापुढे गुडघे टेकले, मांड्यांवर अडकलेलं कापड सोडवलं, आणि उठता उठता त्याच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबलं. बोटाने केलेला खळगा लगेच भरला नाही. दोघंही तो बघत राहिले.

"आवळू दे," ती म्हणाली. "मास्तरांचा हात ठीक आहे. उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ, आणि या वेळी त्यांना पँट नाही दाखवायची."

मग दाराकडे बघत, जरा आशेने, त्याने विचारलं, "गाडी सांगू का?"

"सांग की," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेपर्यंत."